पाचव्या बाजूवरचा आवाज

आमच्या प्रार्थनामंदिराच्या गाणाऱ्या मेळ्यात, कॉयरमध्ये, दर सोमवारी संध्याकाळी झाडणी असे. रविवारच्या उपासनेत जे जे बेसूर झालं असेल ते सोमवारी सगळ्यांसमोर, ज्याचं त्याला, तोंडावर सांगायचं. हा रिवाज माझ्या आधीच्या मास्तरांनी घातलेला. ते वारल्यावर कॉयर माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर झाडणीही. कोण आधीच सुरू होतो, कोण शेजाऱ्याच्या सुरावर पोट भरतो, कोण नुसतंच तोंड हलवतो, हे मी नाव घेऊन सांगायची. ज्याला सांगितलं त्याने उलट बोलायचं नाही, पुढच्या रविवारी सुधारायचं. मला हे काम आवडायचं, हे आधीच कबूल करते. मुलींच्या शाळेत गाणं शिकवणारी मी एक बिनलग्नाची बाई. नगरात मला कोणी विचारत असेल तर माझ्या कानासाठी. माझ्या माघारी लोक मला 'चाळणी' म्हणत. ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून बरंही वाटायचं.

पाथर्डीच्या वाटेवरच्या एका गावात मिशनचा छोटा दवाखाना होता. तिथल्या सिस्टरबाई जर्मन. लढाई सुरू झाली तेव्हा शत्रूच्या देशाची बाई म्हणून सरकारने त्यांना उचललं आणि तारेच्या कुंपणाआड ठेवलं. लढाई संपल्यावर सोडलं, तर त्या परत त्याच गावात आल्या. बाळंतपणं, खरूज, विंचवाचे दंश हे पुन्हा सुरू झालं. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांचं बोलणं गावातल्या कोणापेक्षाही शुद्ध होतं. गावातल्या बायका त्याला हसत आणि बाळंतपणाला मात्र त्यांच्याखेरीज कोणाला हात लावू देत नसत.

सत्तेचाळीसच्या जानेवारीत एका शनिवारी त्या सर्व्हिस मोटारीने नगरला आल्या. बरोबर दवाखान्यातले कंपाउंडरकाका होते. सिस्टरबाईंच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेली एक चपटी पेटी होती आणि ती त्यांनी वाटेत काकांनाही धरू दिली नव्हती. पेटीत फोनोच्या चार तबकड्या होत्या. बाजारात मिळतात तशा लाखेच्या कडक नव्हत्या. पत्र्यावर मऊ लेप दिलेल्या, घरगुती.

त्यांनी सांगितलं ते असं. लढाई ऐन भरात असताना त्यांच्या शहरात एक मोठी सिंफनी झाली होती. सिंफनी म्हणजे नुसत्या वाद्यांची लांबलचक रचना, तिच्यात सहसा कोणी गात नाही. पण ही वेगळी. हिच्या शेवटच्या भागात दोनशे माणसं उभी राहून गातात. तिची मुख्य चाल आम्हीही एका गीताला लावून म्हणायचो, त्यामुळे ती मला परकी नव्हती. वर विमानं, शहर अर्धं जळालेलं, आणि तरी सभागृह खचाखच भरलेलं. तिथून ते गाणं रेडिओवर गेलं. सिस्टरबाईंच्या भावाचा एक मित्र रेडिओत यंत्रावर होता, त्याने शेवटचा भाग तबकड्यांवर कोरून ठेवला आणि लढाईनंतर कोणाबरोबर तरी इकडे पाठवला. रेडिओची ती इमारत पुढे बाँबने गेली. आता त्या संध्याकाळचं उरलं होतं ते एवढंच, सात बाजू.

त्यांचा भाऊ त्या गाणाऱ्या मेळ्यातला. पण लष्कराच्या कागदावर तो रशियात ऑक्टोबरात पडला असं लिहिलं होतं, आणि हे गाणं झालं त्यानंतरच्या मार्चमध्ये. मित्राने पत्रात कळवलं होतं, 'त्या दिवशी तो रजेवर आला होता आणि खर्जात गाणाऱ्या बासवाल्यांत उभा होता असं मला वाटतं. पण मी यंत्राशी होतो, शपथ घेऊन सांगू शकत नाही.' म्हणजे त्याचा आवाज या तबकडीत असेल तर कागद खोटा. कागद खोटा असेल तर तो कुठेतरी कैदेत जिवंत असण्याचा संभव. तिकडे हजारो लोक अजून कैदेतून परतायचे होते. सिस्टरबाईंना मार्चमधल्या जहाजावर जागा मिळत होती. भाऊ जिवंत असण्याची आशा असेल तर जायचं आणि शोधायचं. नसेल तर तिकडे त्यांचं कोणीच नव्हतं, मग इथेच राहायचं.

मित्राने ताकीद दिली होती की लेप मऊ आहे, चार-सहा वेळा वाजवलं की झिजून जाईल. म्हणून त्यांनी त्या तबकड्या एकदाही ऐकल्या नव्हत्या. चांगला कान शेजारी असेल तेव्हाच ऐकायच्या, असं ठरवून महिनाभर पेटी उशाशी ठेवली होती.

"मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका, बाई," त्या म्हणाल्या. "तुमची झाडणी असते ना, तशी करा."

मला दया यायला हवी होती. आली ती घमेंड. एवढ्या लांबून, एवढ्या मोठ्या गोष्टीचा निवाडा माझ्या कानावर सोपवला होता. मी पदर खोचला आणि त्यांना प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत नेलं.

तिथे आमची पायपेटी होती, पायाने भाता मारून वाजवायची, आधीच्या पाद्रीसाहेबांनी विलायतेहून बोटीने आणवलेली. आमचा शिरस्ता असा की कुठलीही तबकडी आधी पायपेटीला मिळवायची. शाळेच्या फोनोवरचे वेगाचे आकडे कधीच पुसून गेले होते. तेव्हा पेटीवर मूळ सूर धरायचा आणि तबकडी त्या सुराला येऊन मिळेपर्यंत फोनोचा वेगाचा खिळा फिरवायचा. बाहेरून आलेल्या गाण्याचे सूर आम्ही असेच उतरवून घ्यायचो. मी सिस्टरबाईंना चालीची पट्टी विचारली. ती निघाली पांढरी दोन. पोलादी पिनेऐवजी बाभळीचा काटा लावला. लढाईत पिना मिळेनाशा झाल्या तेव्हापासून आम्ही तासलेले काटे वापरत होतो, आणि काट्याने तबकडी कमी झिजते. काकांनी किल्ली दिली. पहिल्या बाजूवर मी पांढरी दोन दाबून धरली, खिळा अंमळ पुढे सरकवला आणि दोन्ही सूर एकजीव झाले.

मग आम्ही ऐकायला बसलो. मी आयुष्यात पुष्कळ गाणं ऐकलं, पण असलं नाही. आधी खोकले ऐकू आले, पुष्कळ माणसांचे, थंडीत उपाशी राहिलेल्या छातीतले. कोणाची तरी खुर्ची करकरली. शब्द आनंदाचे आहेत असं सिस्टरबाईंनी सांगितलं होतं. गाणारे मात्र कोणी पाठीत काठी घालतंय तसे पळत होते. उंच आवाजाच्या सोप्रानो बायकांचे वरचे सूर फाटत होते. नगारेवाला दातओठ खाऊन बडवत होता. माझ्या कॉयरने असं गायलं असतं तर सोमवारी मी एकेकाला सोलून काढलं असतं. आणि तरीही माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता. ती माणसं गाऊन झाल्यावर घरी जाणार होती आणि घर असेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, हे त्या आवाजात कळत होतं. मला भीती वाटली आणि भीती वाटल्याचा राग आला.

पाचव्या बाजूवर एक जागा येते. सगळा गदारोळ थांबतो, श्वासभर शांतता, आणि मग नुसते पुरुष उचलतात. त्या शांततेत एक माणूस सगळ्यांच्या आधी सुरू झाला. अर्धी मात्रा, फार तर. पण एकटा, मोकळा, स्पष्ट. मग बाकीचे त्याच्यावर कोसळले आणि तो त्यांच्यात बुडाला.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "असला माणूस माझ्या कॉयरमध्ये असता तर मी त्याला बाकावर बसवला असता."

सिस्टरबाई उठून उभ्या राहिल्या. त्या हसत होत्या. "त्यालाही असंच सांगायचे," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. तो नेहमी आधी सुरू करायचा. मी तुम्हाला मुद्दाम बोलले नव्हते."

इथे मी थांबायला हवं होतं. पण आधी सुरू करणारा प्रत्येक मेळ्यात एक असतो. आमच्यात तर तीन होते. मी त्यांना बसवलं आणि विचारलं, भावाचा आवाज कसा होता. त्यांनी पायपेटीवर खालची एक पट्टी दाबून दाखवली. इतका खाली जायचा. जाड, जड, छातीतला. वर चढताना त्याला धाप लागायची. वय चौतीस. मग मी पाचवी बाजू पुन्हा लावली, आणि त्यानंतर आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटून नुसता तोच एक सूर ऐकला आणि पायपेटीवर तो दाबून पाहिला. खर्जाच्या माणसाला तो चढाचा होता. हा आवाज तिथे सहज पोचत होता. पातळ होता, तरुण होता.

काका किल्लीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. सिस्टरबाई बघत नव्हत्या. त्यांनी मान खाली घातली होती.

"हा तुमचा भाऊ नाही," मी म्हणाले. "हा विशीतला पोरगा आहे, आवाज हलका आहे. खर्जाचा माणूस या सुरावर असा लागत नाही. तुमचा भाऊ त्या गर्दीत कुठे असेल तर देव जाणे, पण हा तो नाही."

त्यांनी खात्री आहे का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. पेटीशी ताडून पाहिलंय म्हणाले. त्यांनी तबकड्या एकेक करून गोधडीत ठेवल्या, माझे आभार मानले आणि सोमवारी जहाजाच्या कचेरीला नकार कळवते असं सांगितलं. निघताना मला फार वाईट वाटलं. शाळेला नवा फोनो आला होता म्हणून मी जुना त्यांना देऊन टाकला, पिनांच्या एका डबीसकट. खिळा होता तिथेच होता.

पुढच्या महिन्यात दवाखान्याच्या अंगणात भावासाठी प्रार्थना झाली. आम्ही नगरहून कॉयर घेऊन गेलो. सिस्टरबाईंनी लष्कराचा कागद शुभवर्तमानात ठेवला होता आणि प्रार्थना झाल्यावर त्या पहिल्यांदाच रडल्या. मी मनात म्हटलं, खरं बोललं की असं होतं. जखम धुतली की दुखते पण भरते. असल्या म्हणी मला तेव्हा फार सुचायच्या.

पावसाळा संपत आला तेव्हा गोऱ्या पलटणी मायदेशी निघाल्या. एका पलटणीचा बँडमास्तर निरोपाच्या उपासनेत आमच्या कॉयरबरोबर कॉर्नेट नावाचं फुंकायचं पितळी वाद्य वाजवणार होता. तालमीला त्याने एक ओळ वाजवली आणि मी त्याला थांबवलं. तुमचं वाद्य उतरलेलं आहे, सांगितलं. तो हसला. खिशातून एकच पक्का सूर देणारा दोन दातांचा पोलादी सूरकाटा काढून गुडघ्यावर मारला आणि माझ्या कानाशी धरला. मग पायपेटीवर तोच सूर वाजवायला सांगितला. पेटी चढलेली होती. थोडीथोडकी नाही, जवळजवळ अर्धा सूर. त्याने मला समजावलं की विलायतेत पूर्वी वाद्यं अशीच चढी बांधत. त्यांच्या पलटणीतही होती, पुढे सगळी बदलली. तुमची पेटी जुन्या काळची आहे, त्यात तुमचा काही दोष नाही. जगात आता कोणी त्या सुरात गात नाही.

बाकीच्यांना गंमत वाटली. मी बाकावर बसले ती उठलेच नाही.

पेटी चढी, म्हणून तिला मिळवलेली तबकडी वेगाने फिरली. तबकडी वेगाने फिरली की सूर चढतो, आणि आवाज पातळ होतो. जाड माणूस हलका ऐकू येतो आणि चौतीस वर्षांचा विशीतला वाटतो. मी त्या सुराला चढा म्हटलं तो माझ्याच पेटीने चढवलेला होता. तीन वेळा ऐकून तीन वेळा मी माझी पेटीच ऐकली होती.

दोन आठवडे मी गप्प राहिले. गप्प राहावं असंही एक मन सांगत होतं. बाई सावरली आहे, जहाज गेलं आहे. पण सोमवारी दुसऱ्यांच्या चुका सांगताना माझी मलाच शरम वाटू लागली. दुसऱ्याला तोंडावर सांगते, मग माझी चूक कोणी सांगायची? बँडमास्तरने जाताना सूरकाटा मला देऊन टाकला होता. तो रुमालात बांधून एका शनिवारी मी मोटारीत बसले. तबकडी योग्य वेगाने लावायची, एकदा नीट ऐकायचं, आणि जे असेल ते सांगायचं. इतकं सोपं मला वाटत होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात शिरले तेव्हा फोनो चालूच होता. वॉर्डात बायकांच्या खाटांमध्ये तो स्टुलावर ठेवलेला. सिस्टरबाई मला बघून मनापासून आनंदल्या. तब्येत सुधारली होती, गालांवर रंग आला होता. बायकांना हे गाणं फार आवडतं, त्या म्हणाल्या. एक म्हातारी म्हणते की जत्रेत उभं राहिल्यासारखं वाटतं. म्हणून रोज दुपारी लावतात. पाचवी बाजू तर बायका दोन-दोनदा मागतात. काटे तासायला वेळ कुठला, पिना आहेतच.

मी तबकडी उचलून उजेडात धरली. रेषा राखाडी पडल्या होत्या, जागोजाग लेप उडून पत्रा दिसत होता. तो भाऊ नाही असं मी सांगितल्यावर ती जपून ठेवायची गरजच काय होती?

तिथूनच परत फिरता आलं असतं. फिरले नाही. त्यांच्या खोलीत जाऊन पेटीचं, सूरकाट्याचं, वेगाचं सगळं सांगितलं. सांगून संपल्यावर त्या उठल्या, वॉर्डातून फोनो उचलून आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

"लावा," त्या म्हणाल्या.

मी सूरकाट्याशी ताडून वेग कमी केला. पाचवी बाजू लावली. वाद्यांचा गदारोळ खरखरीतून जेमतेम कळत होता. शांततेची जागा आली. तिथेही नुसती खरखर. मग पुरुषांचे आवाज आले, सगळे एकदमच. आधी कोणी सुरू केलं होतं की नाही, एक होता की दहा, जाड की पातळ, काही म्हणता काही उरलं नव्हतं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः लावली.

"तो होता का?" त्यांनी विचारलं.

"आता सांगता येत नाही," मी म्हणाले.

"तेव्हा सांगता आलं होतं."

त्या रागाने बोलल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या नुसतं जे होतं ते म्हणत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि एका बाईचा ताप बघायचा आहे म्हणून उठून गेल्या. परतीच्या मोटारीला अजून दोन तास होते, ते मी रस्त्यावर लिंबाखाली बसून काढले.

पुढचं मला कंपाउंडरकाकांकडून कळलं. दिवाळीच्या सुमारास ते औषधं न्यायला नगरला आले होते, आणि शाळेच्या पायरीवर येऊन उभे राहिले. सिस्टरबाई कशा आहेत, मी विचारलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"राग मानू नका, बाई. पयल्या बारीला तुमी न्हाई म्हनला तवा चार दिस अन्नाला शिवल्या न्हाईत. मग रडल्या, जेवल्या, कामाला लागल्या. आता रोज तिकडं कागद लिवत्यात, कैद्यांच्या कचेरीला, कुटं कुटं. टपालवाला दिसला की हातातलं पोर खाली ठिवून रस्त्यावर पळत्यात. जहाज मागितलं तर वरीसभर जागा न्हाई म्हनत्यात. तुमाला खोटं बोलता येत न्हाई, ठाव हाय मला. पन गप ऱ्हाता येत हुतं."

मी त्यांना चहा घेऊन जा म्हटलं. ते नको म्हणाले, औषधांची पेटी खांद्यावर घेतली आणि मोटारीच्या अड्ड्याकडे चालू लागले.